आठवड्याची एक पेनी

किनवटमध्ये बचत गटातल्या कुठल्याही बाईला विचारा, हप्ता वेळेवर कसा येतो? दहा-पंधरा जणींत तोंड लपवायला जागाच नसते, हे त्याचं खरं उत्तर. ख्रिस्ती मंडळीतल्या घरगुती प्रार्थना गटांची एक मोठी परंपराही अशाच हप्त्यातून निघाली, हे वाचलं तेव्हा मी चाटच पडलो.

साल 1742, गाव इंग्लंडमधलं ब्रिस्टल. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी बांधलेल्या ‘न्यू रूम’ या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायचं कसं? कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी तोडगा काढला: प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते जमणार नाही, असा आक्षेप येताच ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्याला जमणार नाही त्याचं मी भरतो.

वसुली करणारे घरोघर जाऊ लागले आणि दाराआडचं दिसू लागलं. एक जण बायकोशी भांडताना सापडला, दुसरा दारू प्यालेला. आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच, असं वेस्लींना वाटलं. रविवारच्या गर्दीत प्रवचन ऐकणारा माणूस घरी कसा वागतो, हे व्यासपीठावरून कसं कळणार? मग घरोघर जाण्याऐवजी बाराएक जणांनी आठवड्याला एकत्र बसायचं ठरलं. कर्जवसुलीच्या यादीतून एकमेकांची विचारपूस करणारा गट उभा राहिला. कारकुनी कामातून इतकं जिव्हाळ्याचं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

तसं पाहिलं तर घरात जमणं ही मंडळीची पहिलीच सवय. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीला पौलानं सलाम पाठवलेला आहे. सीरियातल्या दुरा-युरोपस इथं तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथं सभेची जागा केलेली होती.

वेस्लींची पद्धत मुंबईत आली ती 1871 च्या अखेरीला, विल्यम टेलर या अमेरिकन प्रचारकाबरोबर. त्यांनी आधी देऊळ बांधलं नाही, लोकांच्या घरांत छोटे गट जमवले. जॉर्ज बोवेन हे 1848 पासून मुंबईत अगदी साधेपणानं राहणारे मिशनरी त्यांना येऊन मिळाले. 1872 च्या सुरुवातीला या गटांतूनच मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. पुढे हे काम पुण्याला आणि निजामाच्या मुलखात सिकंदराबादेपर्यंत पोहोचलं. किनवटही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं.

आज मराठी ख्रिस्ती घरातली प्रार्थना साधीच असते. सतरंजी, एक-दोन गीतं, शास्त्रपाठ, कुणाची साक्ष, मग प्रार्थनेचे विषय: सासूचं ऑपरेशन, पोराची परीक्षा, रखडलेली नोकरी. शेवटी चहा. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा बोली कानावर पडणाऱ्या किनवटसारख्या तालुक्यात अशा बैठकीचा आणखी एक फायदा होऊ शकतो. भरल्या मंडळीत प्रमाण मराठीला बिचकणारी म्हातारी इथं आपल्या बोलीत देवाशी बोलते.

अर्थात, सगळ्यांना सगळ्यांचं कळतं तिथं चहाडीही होते, आणि एखादा पुढारी गट आपल्या मुठीत ठेवतो. त्याकडे डोळेझाक करू नये. पण मंडळी कितीही मोठी असो, गेले दोन रविवार कोण आलं नाही, हे पाळकाआधी गटालाच कळतं. तुमच्या मंडळीत असा गट नसेल तर पाळकांची वाट पाहू नका. चार घरं पुरतात.