दडे सुटतात, कान सुटत नाही

गणपती विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत आमच्या ओपीडीत काही तरुण हमखास येतात. कानात शिट्टी वाजते, दडे बसलेत, ही तक्रार. मागे ताशा वाजवणारा बावीस वर्षांचा मुलगा आला, तोही आईने ओढून आणला म्हणून. ‘दरवर्षी होतं डॉक्टर, दोन दिवसांत जातं,’ असं त्याचं म्हणणं. ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्‌झजवळ आलेख खाली घसरलेला होता. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. दडे सुटले होते, खड्डा तिथेच होता.

आवाजाचं उन्हासारखंच असतं. किती प्रखर आणि किती वेळ, दोन्हींचा हिशेब एकत्र होतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या ठिकाणी बऱ्यापैकी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपली मिरवणूक किती तास चालते, हे मी सांगायला नको! मोजायला यंत्र नसेल, तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतोय का, एवढंच पाहा. लागत असेल, तर ८५ ओलांडलेत असं समजा.

आंतरकर्णात जन्मतः पंधरा हजारांच्या आसपास केशपेशी असतात. मेलेली पुन्हा उगवत नाही. ‘दोन दिवसांत जातं’ हाही दिलासा फसवा आहे. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. त्यांची ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत होत्या. पण त्यांना मेंदूशी जोडणारे मज्जातंतूंचे बरेच सांधे कायमचे गेले होते. माणसात असं झालं, तर साधा ऑडिओग्राम ते दाखवेलच असं नाही.

प्लग घातले की ताल कळत नाही, असं तो मुलगा म्हणाला. त्यात तथ्य आहे. फोमचे प्लग वरच्या पट्टीचे आवाज जास्त दाबतात. वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात. थोडे महाग, पण धुऊन पुन्हा वापरता येतात. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग नाही.

लसणाचं तेल कानात घालू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर दडे सुटायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच खरा लागू पडतो.