नगररचनेंतील अपवाद व त्याचीं कागदपत्रें

सनद, महजर किंवा इनामपत्र हातीं आलें म्हणजे संग्राहक तें जिवापाड जपतो. परंतु एखाद्या लहान दुकानदारानें ‘या आळींत मला धंदा करूं द्यावा’ असा अर्ज केला आणि नगरसंस्थेनें त्यावर निकाल दिला, तर तो कागद बहुधा रद्दींत जातो. हा भेद आम्हांस योग्य वाटत नाहीं. कां, तें येथें थोडक्यांत सांगतों.

व्याकरणशास्त्राशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी ठाऊक आहेच. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. अपवाद म्हणजे ठराविक स्थळीं त्यास बाधणारा विशेष नियम. अपवादानें उत्सर्ग नष्ट होत नाहीं. अपवादाचें क्षेत्र सोडून इतरत्र तो पूर्ववत् चालतो. नगररचनेंतही हेंच घडतें. अमुक भागांत वस्ती, अमुक भागांत बाजार, अमुक भागांत कारखाने, अशी जी विभागणी तिला इंग्रजींत झोनिंग म्हणतात, हा उत्सर्ग. वस्तीच्या भागांतील एखाद्याच जागेवर शिंप्याचें किंवा वाण्याचें दुकान घालण्यास जी मोकळीक मिळते तिला व्हेरिअन्स म्हणतात, हा अपवाद.

ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांची नव्हे. तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्रांवरून १९०५ सालीं उजेडांत आलेलें आणि आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेलें कौटिलीय अर्थशास्त्र पहावें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत धंद्यांस दिशा लावून दिल्या आहेत. सुगंधी द्रव्यें व फुलें विकणारे पूर्वेस. शिजविलेलें अन्न, मद्य व मांस विकणारे दक्षिणेस. लोंकर, सूत, वेळू व चामडें यांचे कारागीर पश्चिमेस. धातु व रत्नें घडविणारे उत्तरेस. या मांडणींत वर्णांचीही वाटणी आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्याच अधिकरणांत पुढें, आगीच्या भयास्तव, अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांस एके ठिकाणीं वसवावें असें सांगितलें आहे.

हा झाला उत्सर्ग. तिसऱ्या अधिकरणांत घरांमधील अंतर, सांडपाण्याची वाट इत्यादींचे नियम आहेत; तेथेंच बाळंतिणीसाठीं केलेल्या खड्ड्यास दहा दिवसांपुरती सूट आहे, आणि घरमालकांनीं एकत्र मिळून इष्ट तें करावें व अनिष्ट टाळावें अशी मुभाही आहे. म्हणजे कारण, मुदत आणि शेजाऱ्यांची संमति हीं अपवादाचीं तीन अंगें त्या ग्रंथकारास अवगत होतीं.

अर्वाचीन काळीं हाच विचार अमेरिकेंत कायद्याच्या भाषेंत मांडला गेला. न्यूयॉर्क नगरानें १९१६ सालीं सर्व शहरास लागू होणारे विभागनियम केले. १९२६ सालीं युक्लिड गांवाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असे नियम वैध ठरविले. त्याच सुमारास मध्यवर्ती व्यापारखात्यानें राज्यांकरितां एक नमुन्याचा कायदा प्रसिद्ध केला. त्यांत अपवाद देण्याचें काम पांच सभासदांच्या मंडळाकडे असून चौघांचें एकमत आवश्यक होतें. प्रत्येकाचें मत नोंदवावें आणि तें दप्तर सार्वजनिक असावें, असेंही त्यांत सांगितलें होतें.

१९३९ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरिष्ठ न्यायालयानें ऑटो विरुद्ध स्टाइनहिल्बर या खटल्यांत तीन कसोट्या घालून दिल्या. नियमास अनुसरून त्या जागेचें वाजवी उत्पन्न येऊं शकत नाहीं. अडचण त्या जागेपुरती आहे, सर्व आळीची नव्हे. आणि मागितलेल्या वापरानें वस्तीचें मूळ स्वरूप पालटणार नाहीं. दुसरी कसोटी विशेष मार्मिक आहे. अडचण सर्वांचीच असेल तर दोष नियमांत आहे. तो नियमच सुधारावा. एकास मोकळीक देऊन दहांस अडवून ठेवणें हा अपवाद नव्हे, मेहेरबानी होय.

आपल्या महाराष्ट्रांत घडण निराळी आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाअन्वयें विकास योजनेंत, तिचें स्वरूप न पालटतां, फेरफार करावयाचा तर नोटीस काढून एक महिन्याच्या मुदतींत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शेवटीं शासनाची मंजुरी लागते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलींत, अडचण स्पष्ट दाखवितां आल्यास, आयुक्तास लेखी परवानगीनें मापांत सूट देतां येत असे. मात्र आरोग्य, आग व इमारतीची मजबुती यांस बाध येऊं नये, अशी अट होती.

आतां संग्राहकांचें काय काम, तें पहा. समजा, वस्तींत पिठाची गिरणी घालण्याचा अर्ज आहे. नकाशावर ती जागा नुसती निवासाच्या रंगांत दिसेल. अर्जांत मात्र गिरणी कोठें, यंत्र केवढें, दळण कोणत्या वेळीं, भिंत हादरते म्हणून शेजाऱ्याची तक्रार काय, आणि निकालांत कोणती अट घातली, हें सर्व सांपडेल. एका बाजूस एका कुटुंबाची भाकरी, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याची झोंप. या दोहोंचा तोल कसा राखला, हें त्याच कागदावरून कळतें. नियमावरून राज्यकर्त्यास काय हवें होतें तें समजतें. लोक कसे राहत होते, तें अपवादावरून.

म्हणून असा कागद मिळाल्यास अर्ज, हरकत व निकाल हीं तिन्ही एकत्र ठेवावीं. निकालांत कारण लिहिलें आहे कीं नाहीं, तें प्रथम पहावें. कारण नसणें हाही पुरावाच आहे. त्या पंडितानें ताडपत्रें निरुपयोगी मानिलीं असतीं तर वरील चर्चेचा अर्धा भाग आम्हांस लिहितांच आला नसता. रद्दीवाल्याकडे बासन जाण्यापूर्वीं वाचकांनीं तें एकवार उलगडून पहावें, एवढीच विनंति.