चोपदाराची काठी आणि पिठाचा सोमवार

आषाढी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावरून नगद नारायण महाराजांची पालखी पंढरपूरची वाट धरते. या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. वारी बघायला गेलात की चोपदार नक्की बघा बरं का! फारसीत चोब म्हणजे काठी, त्यावरून चोपदार. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी हातातला दंड वर केला, की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात.

असाच एक चांदीचा दंड पार स्कॉटलंडमध्ये आहे, ग्लासगो विद्यापीठात. हे विद्यापीठ १४५१ सालचं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही १७९ वर्षं आधीचं. दंड १४६५ मध्ये तयार झाला. पुढे १५६० च्या सुमारास तिथे धर्मावरून मोठी उलथापालथ झाली, तेव्हा तो फ्रान्सला नेला गेला आणि १५९० मध्ये घरी परतला. तीस वर्षांची वारीच म्हणा ना! आजही समारंभात तो मिरवणुकीच्या पुढे असतो, आणि विद्यापीठाच्या मानचिन्हावर अगदी मधोमध उभा आहे.

त्या मानचिन्हावर आणखी काय काय आहे? वर उघडं पुस्तक, खाली झाड, झाडाच्या शेंड्यावर इवलासा रॉबिन पक्षी, एक घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा. या माशाची गोष्ट ऐका. राजाने रागाच्या भरात राणीची अंगठी नदीत फेकली आणि नंतर तिलाच विचारलं, अंगठी कुठे? राणी घाबरून मंगो नावाच्या संताकडे गेली. संताने नदीतला मासा पकडून आणायला सांगितला, तर अंगठी त्या माशाकडेच! आठवली ना शकुंतलेची अंगठी? दोन देश, दोन नद्या, आणि अंगठी गिळायला दोन्हीकडे मासाच. मला तर हे वाचून हसू आवरेना.

पण विद्यापीठ नुसत्या चित्रांवर चालत नाही. पोटाला लागतंच. पूर्वी तिथली शेतकऱ्यांची मुलं गावाहून ओटच्या पिठाचं पोतं घेऊन शिकायला यायची. सत्राच्या मध्यावर पीठ संपायचं. मग घरी जाऊन पोतं भरून आणता यावं, म्हणून स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत एका सोमवारी सुट्टी असायची. तिचं नावच पिठाचा सोमवार! आपल्याकडेही शहरात शिकणाऱ्या पोरांसाठी गावाकडून एसटीने भाकरीचे डबे येतात. आईच्या हातची भाकरी आहे, म्हणून किती जणांचं शिक्षण पुरं झालंय.

विद्यापीठाचा कारभार कोण बघतं? ग्लासगोत शिकवण्याचं काम सिनेट बघते, पैशाचा व्यवहार कोर्ट नावाची सभा. आणि रेक्टर नावाच्या पदावरच्या माणसाला चक्क विद्यार्थी मतं देऊन निवडतात. आपल्याकडे राज्यपाल हे कुलपती, रोजचा कारभार कुलगुरूंकडे आणि चर्चेला अधिसभा.

बीडची कॉलेजं ज्या विद्यापीठात येतात, ते छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं थेट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांचं नाव या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ ला मिळालं, तेही लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर.

तुमच्या ताईचा किंवा दादाचा पदवीदान समारंभ असेल, तेव्हा हट्ट करून सोबत जा. मिरवणूक आत येताना सगळ्यात पुढे कोण चालतंय आणि त्याच्या हातात काय आहे, ते बघा.