जुने शस्त्र आणि त्याचा कागद



जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरे जमवणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. एकाच कारखान्याची, एकाच वर्षी तयार झालेली दोन रिव्हॉल्व्हरे असली, तरी त्यांचे मोल सारखे नसते. एक कोणी वापरले याचा पुरावा असतो, दुसऱ्याचा नसतो. हा पुरावा कसा मिळतो, ते आम्ही येथे सांगत आहोत.

शस्त्रावर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो. अमेरिकेतील कोल्ट कंपनीच्या जुन्या नोंदींत क्रमांक सापडला, तर ते शस्त्र केव्हा व कोठे रवाना झाले हे कळू शकते. इंग्रजी फौजेतील अधिकारी पुष्कळदा रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घेत. त्यामुळे दुकानाची पावती, पेटीवरचे नाव, घरची पत्रे हाही पुरावा ठरतो. नुसती ऐकीव गोष्ट पुरत नाही. क्रमांक आणि कागद जुळावे लागतात.

आपल्या मध्य प्रदेशातलेच उदाहरण पाहा. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला भगतसिंग आणि आपले राजगुरू यांनी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे ३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल पुढे पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून १९६९ साली इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेत आले. तेथे इतर शस्त्रांबरोबर त्यालाही काळा रंग दिलेला होता. कित्येक वर्षे ते कोणाचे हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २०१६ साली रंग काढल्यावर क्रमांक दिसला : १६८८९६. जुन्या कागदपत्रांत हाच क्रमांक होता! २०१७ साली ते पिस्तूल हुसेनीवाला येथील संग्रहालयात गेले. कोणी तो क्रमांक कानशीने घासून टाकला असता, तर?

शस्त्रावर मालकाचे नावच असले, तर ओळख सोपी होते. पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या घराण्याचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. पाते युरोपी घडणीचे, पण त्यावर सोनेरी देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली व ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. ती ओळखू आली, ती त्या एका ओळीमुळे.

आपल्याकडेही काही घरांत माळ्यावर जुनी तलवार, कट्यार किंवा मोडी कागदांचे गाठोडे असते. तलवार राखेने घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. कागद रद्दीत देऊ नका. ती वस्तू घरात कोणी आणली, केव्हा आणली, हे आजी-आजोबांना विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. मात्र बंदूक किंवा पिस्तूल दिसले, तर हात लावू नका, वडीलधाऱ्यांना सांगा. जुने आहे म्हणून ते निकामी असेलच असे नाही, आणि चालू शकणाऱ्या बंदुकीला परवाना लागतो. वडीलधाऱ्यांनी ते पोलीस ठाण्यात कळवावे.

लोखंड शंभर वर्षे टिकते. सांगणारे माणूस तेवढे टिकत नाही. म्हणून विचारायचे ते आजच विचारा.