संथ संगणक : दोष नेमका कुठे?

पूर्वी संशोधकाची साठवण ट्रंकेत असे. तिला कसर लागे, वाळवी लागे, पण ते डोळ्यांना दिसे. आता ती साठवण एका बंद डबीत गेली आहे आणि तिला लागलेली कीड दिसत नाही. ती फक्त एका लक्षणातून जाणवते. संगणक संथ होतो. या लक्षणाकडे मी स्वतः तीन महिने दुर्लक्ष केले, म्हणून हा लेख.

औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीत जात्यावरच्या ओव्यांची सुमारे वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे आहेत. बहुतेक पैठण तालुक्यातल्या बायकांची. त्यांतल्या कितीतरी आज हयात नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ओव्यांचा फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागू लागले. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थाने आधी रॅम वाढवायला सांगितली. ती वाढवली, फरक पडला नाही. मग ते म्हणाले, "सगळं पुसून नव्याने टाकू." तिथे मी थांबलो आणि विषय मुळातून समजून घ्यायचे ठरवले.

आमच्या शहरातल्या पाणचक्कीचा दाखला इथे उपयोगी पडतो. जाते कितीही उत्तम असो, डोंगराकडून नहरीतून येणारे पाणी जेवढे, तेवढेच ते फिरणार. संगणकात प्रोसेसर म्हणजे जाते आणि साठवणीचे साधन म्हणजे नहर. नहर तुंबली तर जाते बदलून उपयोग नाही.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आकार कितीतरी घटला, तत्त्व तेच राहिले. फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारे हेड. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ११ मिलिसेकंदांत होते. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. हेड सरकण्याचा वेळ त्यात मिळवला तर एका वाचनाला १६-१७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ६० वाचने. सलग नोंदवलेली मोठी फाइल हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने देते. पण विखुरलेले चार-चार केबीचे तुकडे मागितले की वेग पाव एमबीवर येतो. एसएसडीत काही फिरत नाही, म्हणून ही वाट पाहणे जवळजवळ संपते.

म्हणजे जुनी डिस्क निरोगी असूनही संथ वाटू शकते. तेव्हा संथपणा स्वभावाचा की आजाराचा, हे आधी ठरवावे लागते.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून तीन आकडे पाहावेत. प्रोसेसर भरलेला असेल, तर दोष एखाद्या प्रोग्रामचा. मेमरी काठोकाठ भरून डिस्कही धावत असेल, तर मेमरीत न मावलेला मजकूर डिस्कवर ठेवला जातो आहे. अशा वेळी रॅम वाढवणे योग्य. पण प्रोसेसर व मेमरी मोकळ्या, डिस्क मात्र शंभर टक्के व्यग्र आणि प्रत्यक्ष देवाणघेवाण सेकंदाला काही केबींचीच, असे दिसले तर सावध व्हावे. माझ्याकडे नेमके हेच होते.

याचे कारण असे. तबकडीवरचा एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही. तोच भाग ती पुन्हा पुन्हा वाचते, कधी कित्येक सेकंद, आणि तोवर मागची सगळी कामे रांगेत खोळंबतात. हा आळस नव्हे, झुंज असते.

त्यानंतर पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून पाहाव्यात. त्यांतली एखादी खराब असली तरी सगळा संगणक अडखळतो. मग डिस्कची स्मार्ट ही स्वतःची नोंदवही वाचावी. त्यासाठी मोफत साधने मिळतात. तिच्यात खराब ठरवून बदललेल्या आणि अजून निर्णय न झालेल्या जागांची संख्या असते. ती वाढत असेल तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. सीआरसी त्रुटी तेवढ्या वाढत असतील, तर बहुधा केबल सैल किंवा खराब असते. काम थोडक्यात भागते.

गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या नोंदवहीत चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही नव्हता. म्हणून नोंदवही वाईट असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा, चांगली असेल तर विसंबू नये.

आजारी डिस्कवर डीफ्रॅग किंवा दुरुस्तीचा प्रोग्राम आधी चालवू नये. त्याने तिला आणखी राबवले जाते आणि त्यावर लिहिलेही जाते. आधी नक्कल. मी लिनक्समधले डीडीरेस्क्यू वापरले. ते सुस्थितीतला भाग आधी उचलते आणि हट्टी जागांकडे शेवटी वळते. नक्कल दुसऱ्या डिस्कवर होते, मूळ डिस्कवर काही लिहिले जात नाही.

एसएसडीची तऱ्हा वेगळी. तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही, आधी पूर्ण गट पुसावा लागतो. ती गच्च भरली की ही हलवाहलव वाढते आणि वेग पडतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. शिवाय ती पुष्कळदा पूर्वसूचनेशिवायच बंद पडते.

माझी नक्कल दीड दिवस चालली. जवळजवळ सगळे हाती आले. एका आजींच्या मुद्रणात मात्र मधली काही सेकंदे नाहीत. जात्याची घरघर येते, ओवीचा पहिला चरण येतो आणि मग शांतता. त्या आजी आता नाहीत. पहिल्या महिन्यातच हे आकडे पाहिले असते, तर कदाचित ती ओवी पुरी राहिली असती. आता माझ्याकडे प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती आहेत आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवली आहे. वाचकांपैकी ज्यांच्या संगणकात वडिलांची पत्रे, आईचा आवाज किंवा अपुरे हस्तलिखित असेल, त्यांनी संगणक संथ होण्याची वाट न पाहता या फराळाच्या दिवसांतच एक प्रत काढून ठेवावी.