तुमच्याकडचं काहीतरी काढ ना!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. नासला सध्या पावसाचा आणि आमच्या घरात पोर्टफोलिओचा मुक्काम आहे. लेक लीव्हिंग सर्टला, म्हणजे आपल्या बारावीला आहे. तिला डब्लिनच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनला, म्हणजे एनसीएडीला जायचंय आणि तिथे प्रवेशासाठी पोर्टफोलिओ लागतो. जेवणाचं टेबल तीन महिने तिच्या ताब्यात आहे. आम्ही आपले ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

तर परवाची गोष्ट. ती इथल्या एका शिकवणीला जाते. ग्रँड कॅनॉलचा जो फाटा नासला येतो, त्याची चित्रं तिने नेली होती. कोळशाने काढलेला धक्का, हंस, थांबलेलं पाणी. बाई म्हणाल्या, "छान आहेत, पण यात तू कुठे आहेस? तुमच्याकडचं काहीतरी काढ ना, रंगीत!" शेजारच्या आयरिश मुलीनेही तोच कालवा काढला होता. ती कुठे आहे, हे तिला कुणी विचारलं नाही.

बाई वाईट नाहीत हो. मनापासून मदत करायला गेल्या. पण लेक जन्मली डब्लिनला, वाढली नासला. तिचं 'तिकडचं' म्हणजे दर दोन वर्षांनी सांगलीला आजीकडे तीन आठवडे. घरी येऊन म्हणाली, "आई, आता मी हत्ती काढू का?" मी हसले. ती नाही हसली.

मला आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आठवण झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईला ते सुरू झालं. शिकवणं लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचं. गंमत म्हणजे आजचं एनसीएडी डब्लिनच्या ज्या जुन्या शाळेतून वाढलं, तीही एकोणिसाव्या शतकात त्याच साउथ केन्सिंग्टनच्या कारभाराखाली होती. मुंबईत साहेबांचा वाद चालायचा : या मुलांना युरोपीय पद्धतीची चित्रकला शिकवावी, की त्यांच्या 'परंपरेतलं' नक्षीकाम? बाजू कुठलीही घ्या, ठरवणार साहेबच. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. १८९६-९७ मध्ये त्यावर ग्रंथ निघाला, त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचं. रावबहादूर धुरंधरांनी जे. जे.मध्ये आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून ४१ वर्षं काढली. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. एवढा नावाजलेला चित्रकार, पण त्या सगळ्या काळात कायमचं प्रमुखपद बाहेरून आलेल्या साहेबांकडेच.

हे सगळं मी जेवताना तावातावाने सांगत होते. नवरा शांतपणे म्हणाला, "आणि तुमच्या कॉलेजात?" घास अडकला.

मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात कमर्शियल आर्ट केलं. वर्गात जव्हारकडचा एक आदिवासी मुलगा होता, राखीव जागेवर आलेला. त्याच्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नव्हते. आम्ही क्लास लावून एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, त्याने सगळं आपलं आपण केलेलं. त्याला नाद अक्षरांचा. देवनागरी मथळे तासन्‌तास काढत बसायचा. आणि मी त्याला, अगदी मायेने, म्हटलं होतं, "अरे, तू वारली काढ ना, तुमच्याकडचं!" दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. माझ्यामुळे असं नाही म्हणत. पण कुठे गेला, हेही मी विचारलं नाही.

आज वारलीचे कप परदेशात आपल्या किती घरांत असतील! वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. रझा, हुसेन आपल्या बोलण्यात नुसते 'चित्रकार', मशे मात्र कायम 'आदिवासी चित्रकार'. हा कप्पा काही गोऱ्यांनी केलेला नाही.

आयर्लंडमध्ये हायर एज्युकेशन अथॉरिटीने २०२१ मध्ये उच्च शिक्षणातल्या कर्मचाऱ्यांचं वांशिक समानतेबद्दलचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, पुढच्या वर्षी कृती आराखडाही आला. चांगलंच झालं. पण कलेच्या वर्गात अन्याय बरेचदा प्रेमळ आवाजात येतो, तो कुठल्या तक्त्यात मांडणार? माझं म्हणणं इतकंच : "यात तू कुठे आहेस" हा प्रश्न चांगला आहे, पण विचारायचा तर वर्गातल्या प्रत्येकाला. आणि उत्तर आधीच ठरवून ठेवायचं नाही.

लेकीने कालवा तसाच ठेवलाय. पुढच्या वेळी बाईंना म्हणाली, "मी इथेच आहे, काठावर उभी राहून काढतेय." बाई थोडा वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मग पाणी अजून गडद कर."

तुमच्यापैकी कुणाची मुलं कला किंवा डिझाइन शिकत असतील तर त्यांचे अनुभव जरूर कळवा. आणि आपण स्वतः कधी कुणाला काय म्हणालो होतो, तेही.

लोभ आहेच, तो वाढावा.