शांत खोलीसाठी काय घ्यावं, काय टाळावं

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तिथला काळोखा भुयारी मार्ग, बहुतेक पर्यटकांना थरारक वाटते. मिट्ट काळोख, उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा उग्र दर्प आणि मागून येणाऱ्या सहलीतल्या पोरांच्या आरोळ्या, त्याही दगडी भिंतींवर आपटून दुप्पट झालेल्या. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल अशा ठिकाणी कान दाबून खाली बसू शकतं. मग ते पुढेही जात नाही आणि मागेही फिरत नाही. हा हट्ट नव्हे. आवाज, वास, अंधार आणि तोल हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि त्याला ते पेलवत नाही. मधल्या सुट्टीची घंटा, वर्गातला गोंगाट किंवा लग्नातला डीजे यांनीही याच मुलाची हीच अवस्था होते.

सावरायला त्याला जागा लागते. अशा जागेला शहरातली थेरपी केंद्रं ‘सेन्सरी रूम’ म्हणतात. ती शाळेत, अंगणवाडीत किंवा घराच्या एका कोपऱ्यात करायची असेल, तर पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाहीत, हे या लेखात पाहू.

कल्पना कुठून आली

या खोल्यांची मुळं दोन आहेत आणि बाजारात ती एकत्र करून विकली जातात. पहिलं मूळ नेदरलँड्समधलं. तिथल्या ‘द हार्टेनबर्ग’ या संस्थेत १९७०च्या दशकात यान हुल्सेखे आणि अ‍ॅड व्हरहुल यांनी तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी मंद दिवे, संगीत आणि मऊ गाद्यांची खोली सजवली. उद्देश निवांतपणाचा होता. दुसरं मूळ अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांच्या कामात आहे. त्यांच्या खोलीत झोके, उतरत्या फळ्या आणि चढायच्या शिड्या होत्या. मूल तिथे थेरपिस्टसोबत हालचाल करत शिकायचं. पहिली खोली विसाव्याची, दुसरी कामाची. आपल्याला यातली कोणती हवी, हे ठरवल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

ऑक्युपेशनल थेरपी महाराष्ट्राला नवी नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं या विषयाचं पहिलं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी आपलं आयुष्य इथे वाहिलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने चालतं. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेसह २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. त्यामुळे अशा मुलाची सोय करणं हे आता शाळेचं कर्तव्य आहे.

आधी मूल, मग यादी

तयार ‘किट’ मागवणं ही या विषयातली सर्वांत महागडी चूक. एक मूल दिवसभर उड्या मारतं, भिंतीला अंग घासतं, कुणाच्याही मिठीत घुसतं. त्याला जोरकस स्पर्श हवा असतो. दुसरं मूल शर्टाच्या लेबलनेही कासावीस होतं. पहिल्याला जे निववतं, तेच दुसऱ्याला पळवून लावतं.

म्हणून दोन आठवडे एक वही ठेवा. मूल कधी बिथरलं, त्याआधी काय झालं होतं आणि शेवटी कशाने शांत झालं, एवढ्या तीन गोष्टी रोज लिहा. ही वही घेऊन ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. महाराष्ट्रात या व्यवसायाची राज्य परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांमध्ये तपासणी होऊन मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. ही सेवा मोफत आहे, तिच्यापासून सुरुवात करावी.

बटण मुलाच्या हातात

इंग्लंड-वेल्समध्ये अशा खोल्या खूप आहेत. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४१ स्वमग्न मुलांना एकाच खोलीत दोन पद्धतींनी नेलं. एकदा दिवे, बुडबुडे आणि आवाज मुलाच्या हातात होते. एकदा ते मोठ्यांनी चालवले. ताबा स्वतःकडे असताना मुलांचं लक्ष जास्त टिकलं आणि त्याच त्या हातवाऱ्यांचं प्रमाण कमी झालं.

मला या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ज्या मुलाच्या आयुष्यात घंटा कधी वाजावी, पंखा किती जोरात फिरावा, कुणी कधी हात लावावा हे सगळं दुसरेच ठरवतात, त्याला इथे तरी ‘पुरे’ म्हणता आलं पाहिजे. त्यामुळे कोणतंही साधन पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा : हे मुलाला स्वतः चालू आणि बंद करता येतं का? तळहाताएवढं, एका दाबाने चालणारं बटण, हाताच्या उंचीवर. रिमोटवर बारा बटणं असतील, तर तो खेळ मोठ्यांचाच होतो.

भिंतीभर बदलती चित्रं टाकणारा प्रोजेक्टर पाहुण्यांना आवडतो, पण मूल नुसतं बघत बसतं. त्याच्या आधी एक दिवा, एक बटण.

गोधडी, दाब आणि झोका

खोल दाबाने काही मुलं खरोखर निवतात. त्यासाठी ‘वेटेड ब्लँकेट’ विकत मिळतं. आपल्याकडे आजीची जुन्या साड्यांची जड गोधडी असते आणि मांडीवर ठेवायला चिंचोके भरलेली, दुहेरी शिवणीची पिशवीही पुरते. चिंचोके धुऊन उन्हात वाळवता येतात. ज्वारी-बाजरी भरली, तर पावसाळ्यात किडे होतात.

इथे सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. २००८ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात शाळेत अशा जड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. म्हणून नियम असे : मुलाला स्वतः हाताने बाजूला सारता येईल इतकंच वजन, डोकं कायम मोकळं, गुंडाळायचं कधीच नाही आणि मोठं माणूस सतत समोर. तान्ह्या बाळासाठी तर ही गोष्ट नाहीच. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाचा ठोकताळा सर्रास सांगितला जातो, तरी दमा, फेफरं किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. झोपेसाठी हे घेणार असाल, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली चाचणीही लक्षात ठेवा. तीत स्वमग्न मुलांना जड ब्लँकेट आवडलं, पण त्यांची झोप काही वाढली नाही.

झोका हे बहुतेक मुलांच्या आवडीचं साधन आणि सर्वांत जास्त काळजीचं. पुढे-मागे संथ हलणारा झोका निववतो, गरगर फिरणारा मेंदूला चेतवतो. शांत खोलीत पहिला हवा. तो पंख्याच्या हुकाला टांगू नका, पत्र्याच्या छताच्या अँगललाही नाही. दौलताबाद-खुलताबाद भागातल्या जुन्या माळवदी घरांत तुळई वरून धडधाकट दिसते, पण वाळवी आतून खाते. मूल झोक्यात उडी मारतं तेव्हा हुकावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्यावी आणि खाली जाड गादी टाकावी.

उजेड, आवाज आणि मराठवाड्याचा उन्हाळा

परदेशी कॅटलॉगमधली खोली वातानुकूलित असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, रेक्झिनच्या गाद्या घामाने पाठीला चिकटतात आणि प्लास्टिकच्या तंबूत भट्टी होते. गाद्यांवर सुती खोळी आणि तंबूऐवजी जुन्या सुती साडीचा आडोसा, हे आपल्या हवेचं उत्तर. कूलरचा घरघराट एखाद्या मुलाला अंगाईसारखा वाटतो, एखाद्याला तो छळतो. त्यामुळे कूलर बंद ठेवूनही मूल एकदा खोलीत बसवून पाहा.

जुनी चोकवाली ट्यूबलाइट गुणगुणते आणि थरथरते. ती काढून मंद, पिवळसर दिवा लावा. लुकलुकणारे किंवा झपझप बदलणारे दिवे नकोत. स्वमग्न मुलांमध्ये फेफऱ्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि काहींना अशा उजेडाने झटका येऊ शकतो.

पाण्याचे बुडबुडे सोडणारी उंच नळी, म्हणजे बबल ट्यूब, दिसते फार सुंदर. पण बोअरच्या जड पाण्याने तिच्या आत पांढरा थर धरतो, पाणी नियमित बदलावं लागतं आणि वीज गेली की ती एकदम काळी पडते. देखभाल कोण करणार हे ठरलं नसेल, तर घेऊ नका. इन्व्हर्टर आधी, बबल ट्यूब नंतर. गोंगाटाने त्रासणाऱ्या मुलासाठी कानावर बसणारे ईअरमफ मात्र पहिल्या खरेदीतच असावेत.

हाताला लागणाऱ्या वस्तू

इथे आपला परिसर श्रीमंत आहे. दौलताबादच्या किल्ल्यापासून जवळच असलेल्या कागजीपुऱ्याचा खरबरीत हातकागद, हिमरू कापडाचा मऊ तुकडा, घोंगडीचा टोचरा काठ, काथ्याचं पायपुसणं आणि सुतळीची वेणी एका फळीवर ओळीने लावली की उत्तम स्पर्शपाटी तयार होते. मुलाला हवं तिथेच ते हात लावेल. नको त्याच्यावर त्याचा हात धरून ठेवू नये.

परातभर ज्वारीत हात बुडवून बसणं अनेकांना आवडतं. दाणे नाकाकानात जाऊ नयेत म्हणून शेजारी बसावं लागतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि बटणसेल उघडे राहणारी खेळणी खोलीत आणूच नका, कारण गिळल्यावर दोन्ही जिवावर बेततात. विकतच्या खेळण्यावर आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती बंधनकारक आहे.

वास एकाच वेळी एकच. सुगंधी अगरबत्ती, रूम फ्रेशनर नको. पिकलेल्या पेरूचा वास काही मुलांना मळमळवतो, त्यामुळे डबा खायची जागाही वेगळी ठेवा.

खोली वापरायची कशी

ही शिक्षेची कोठडी नव्हे. ‘दंगा केलास, जा आत’ असं एकदा झालं की खोली मुलासाठी संपली. दाराला आतून-बाहेरून कडी नको. मुलाने खूण करून किंवा चित्राचं कार्ड दाखवून स्वतः मागावी आणि सावरलं की वर्गात परतावं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली स्पष्ट सांगितलं आहे की संवेदनांवर आधारित उपचारांचे पुरावे मर्यादित आहेत. ते इतर उपचारांसोबत, ठरावीक मुदतीसाठी आणि परिणाम मोजत वापरावेत. खोलीने स्वमग्नता ‘बरी’ होते असं कुणी म्हणालं, तर त्या दुकानातून बाहेर पडा.

शाळा व्यवस्थापन समितीकडे थोडाच निधी असेल, तर या क्रमाने खर्च करा : सुती खोळीची जाड गादी, ईअरमफ, मंद दिवा आणि मोठं बटण, मग चौकटीचा झोका. महिन्यानंतर वही उघडा, आणि ज्या वस्तूने एकाही मुलाला फरक पडला नाही ती खोलीतून काढून टाका.